चिटणीसबाईंनी गाळलेलं वाक्य

चिटणीसबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता आईशिवाय कोणी उरलं नव्हतं. विज्ञान शिक्षकांच्या संघटनेचं चिटणीसपद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की नवरासुद्धा स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता विचारायचा, "चिटणीसबाई, ठराव मंजूर असेल तर कढईत टाकू का?" त्यावर त्या "अनुमोदन कोणाचं?" म्हणत आणि आई आतल्या खोलीतून ओरडे, "माझं! भूक लागलीय!"

संघटना म्हणजे काही मोठा कारभार नव्हता. शनिवारी दुपारी शाळा सुटल्या की एका जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत वीस-पंचवीस शिक्षक जमत. कोणाच्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरत नसे, कोणाला आरशांचा धडा मुलांच्या गळी उतरवता येत नसे, कोणाचे मुख्याध्यापक प्रयोगशाळेत जुनी बाकं रचून ठेवत. ज्याचं घोडं जिथे अडलं असेल तिथून सगळे मिळून ते ढकलायचं, एवढंच काम.

चिटणीसबाई स्वतः अशाच अडलेल्या घोड्यावर बसून तिथे आल्या होत्या. त्यांचं शिक्षण सगळं झाडापानांचं आणि पहिल्याच नोकरीत पदरात पडला विजेचा धडा. वर्गासमोर त्यांनी तारा जोडल्या आणि बल्ब काही लागेना. मुलं आधी गप्प बसली, मग खोकली, मग हसली. बाई सामानाच्या खोलीत जाऊन रडल्या. त्या शनिवारी कोणीतरी त्यांना संघटनेत नेलं. तिथले अध्यक्ष, ज्यांना लहानथोर सगळे काका म्हणत, त्यांनी बल्ब काढला, खालची पत्र्याची पट्टी नखाने खरवडली आणि म्हणाले, "गंजलीय. अपराध गंजाचा आणि शिक्षा तू भोगतेयस होय गं?" बल्ब लागला. त्या दिवसापासून काकांचा शब्द बाईंना वडिलांच्या शब्दासारखा झाला.

म्हणून एका सकाळी फोनवर एक अनोळखी आवाज म्हणाला, "बाई, मला विज्ञान येत नाही, आणि ते आता मुलांनाही कळलंय," तेव्हा चिटणीसबाईंना हसू आलं आणि तो न लागलेला बल्बही आठवला.

ती गावाबाहेर, खडीच्या खाणीच्या पलीकडच्या छोट्या शाळेत भाषा शिकवत होती. कविता इतक्या गोड म्हणायची की मुलं तिला 'कवितेच्या बाई'च म्हणत. विज्ञानाचे मास्तर बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कोणी येईना, तेव्हा मुख्याध्यापिकेने विज्ञानाचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. वर म्हणाली, "आपल्याच भाषेत लिहिलंय की. वाचून दाखवायचं."

"मग वाचून दाखवलंस?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"दाखवलं ना. एका मुलीने विचारलं, बाई, आम्ल म्हणजे काय? मी म्हटलं, पुढच्या ओळीत दिलंय. पुढच्या ओळीत काही नव्हतं हो ताई!"

'बाई'ची ताई तिथल्या तिथे झाली. पुढे वर्षभर कवितेच्या बाई शनिवारची बस पकडून यायची, पुढच्या बाकावर बसायची, आणि ज्या गोष्टी विचारायला बाकीच्यांना लाज वाटे त्या खुशाल विचारायची. चिटणीसबाई तिला फोनवरून धडे समजावून सांगत, जास्तीच्या परीक्षानळ्या कागदात गुंडाळून देत. एकदा तिच्या वर्गाने कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहिल्या. त्या दिवशी तिने फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "ताई, दिसल्या! विटांच्या भिंतीसारख्या!" चिटणीसबाई दिवसभर त्या वाक्यावर खूश होत्या.

मग संघटनेचा वार्षिक मेळावा आला. यंदा शिक्षण कार्यालयाचे मोठे अधिकारी येणार होते. त्यांच्या सहीवर शिक्षकांना प्रशिक्षणासाठी रजा मिळायची, म्हणून काकांचे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते. प्रात्यक्षिकांचा भाग चिटणीसबाईंकडे होता. शेवटचा प्रयोग त्यांच्या आवडीचा. चिनी मातीच्या वाट्यांत थोडं थोडं स्पिरिट, एकीत मीठ, दुसरीत मोरचूद, तिसरीत आणखी एक क्षार. पेटवलं की एक ज्योत पिवळी, एक हिरवी, एक लाल.

हा प्रयोग दिसायला जितका देखणा तितकाच दगाबाज. स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसत नाही. विझली असं वाटून कोणी वाटीत पुन्हा बाटलीतून ओतायला गेलं तर आग धारेवरून वर चढते आणि बाटलीच पेट घेते. म्हणून काडी ओढण्याआधी बाटलीला बूच लावून ती खोलीबाहेर न्यायची आणि एकदा पेटवलेल्या वाटीत पुन्हा कधीही ओतायचं नाही. चिटणीसबाई हे दरवर्षी सांगत. त्यासाठी वेगळा वेळ ठेवत.

त्या दिवशी पाहुण्यांचं भाषण लांबलं. बाई टेबलाशी आल्या तेव्हा काका पहिल्या रांगेतून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होते. बाईंनी बाटली आधीच बाहेर ठेवून दिली होती. हात सवयीने बरोबर चालले, तोंड मात्र घाईत राहिलं. पडदे ओढले, ज्योती पेटल्या, सभागृहातून एकच "अहाहा" उठला आणि अधिकारीसाहेब उठून उभे राहिले. "बाकीचं नंतर सांगते," बाई म्हणाल्या. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं की नाही देव जाणे. नंतर चहा झाला, सत्कार झाले, फोटो झाले. ते नंतर काही आलंच नाही.

पुढच्या महिन्यात एका दुपारी कवितेच्या बाईच्या शाळेतून फोन आला. तोच रंगीत ज्योतींचा प्रयोग वर्गात दाखवताना, वाटी विझली असं वाटून तिने बाटली तिरकी केली होती. भडका उडाला. पुढच्या बाकावर मुली होत्या. तिने पेटती बाटली त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून स्वतःकडे ओढली. मुलींच्या केसालाही धक्का लागला नाही. तिचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली होती.

चिटणीसबाई इस्पितळात गेल्या तेव्हा एका लांब खोलीत खिडकीशेजारच्या पलंगावर ती होती. हाताला पांढऱ्या पट्ट्या, चेहरा सुजलेला. बाईंना पाहून तिने हसायचा प्रयत्न केला.

"ताई, रंग मात्र मस्त आले होते हो. हिरवा तर अगदी पोपटी."

"बोलू नकोस. दुखत असेल."

"मुख्याध्यापिका विचारत होत्या, बाटली जवळ ठेवायची नसते हे तुला कोणी शिकवलं नाही का? मी आठवून आठवून दमले. तुम्ही तर नक्की सांगितलं असणार. मीच विसरले, नाही का?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर एका शब्दात मावत होतं. चिटणीसबाईंनी तिच्या मानेखालची उशी नीट केली. मग पाण्याचा पेला भरला. मग म्हणाल्या, "आता तो विचार करू नकोस."

जिना उतरताना त्यांना कळलं की आपण काय केलं. प्रयोगाच्या वेळी निदान घाई होती, समोर पाहुणे होते. इथे तर कोणी घड्याळ दाखवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या काकांच्या घरी गेल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"तू लिहून दिलं होतंस का कुठे, की हा प्रयोग वर्गात करा म्हणून?"

"काका, करून दाखवला म्हणजे करा असंच झालं ना?"

"हे बघ, साहेबांची सही अजून व्हायचीय. उद्या बोभाटा झाला की संघटनेने शिक्षकांना आगीशी खेळायला शिकवलं, तर रजा बंद, प्रशिक्षण बंद. खाणीपलीकडच्या अशा पन्नास शाळा आहेत. त्यांना कोण विचारेल मग?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तिला आणि तिच्या लहान पोरीला आपण सगळे मिळून सांभाळू. तू फक्त काही दिवस गप्प रहा."

काकांचं बोलणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. बाईंनी मान हलवली आणि मूग गिळून बसल्या.

पण खाई त्याला खवखवे. गॅस पेटवताना त्यांचा हात थबकायला लागला. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्या मागे वळून पाहत, जणू कोणी काही विचारलंय. शनिवारी कोणी म्हणालं, "बिचारी! पण जरा निष्काळजीपणाच, नाही?" तर त्या कपाट आवरायला उठत. त्या इस्पितळात रोज जात, फळं नेत, तिची वेणी घालून देत, तिच्या लहान मुलीचा अभ्यास घेत. कवितेच्या बाईची आई भरल्या डोळ्यांनी म्हणायची, "सख्खी बहीण करणार नाही इतकं करताय हो." ते ऐकलं की बाईंना वाटे, यापेक्षा हिने चार शिव्या घालाव्यात.

घरी नवऱ्याने एकदा विचारलंच. "ठराव मांडायचाय का काही? बरेच दिवस सभा तहकूब आहे."

बाईंनी सगळं सांगितलं. तो पेशाने घरांचे नकाशे काढणारा माणूस. बराच वेळ तो टेबलावरची पट्टी इकडून तिकडे सरकवत राहिला.

"मी काय म्हणू?" तो शेवटी म्हणाला. "सांगून टाक म्हणणं मला सोपं आहे. संघटना माझी नाही, काका माझे नाहीत."

आतून आई म्हणाली, "आणि भाजलेला हातही तुमच्यापैकी कोणाचा नाही." ती जागी आहे हे दोघांना माहीत नव्हतं.

तिकडे शाळेत कारवाई सुरू झाली. मुख्याध्यापिकेने प्रयोगशाळेला कुलूप लावलं. आसपासच्या शाळांनीही घाबरून स्पिरिटचे दिवे कपाटात कोंबले. हात जरा बरा झाल्यावर कवितेच्या बाईला शाळेच्या समितीपुढे बोलावलं. मुलांचा जीव धोक्यात घातला असा ठपका ठेवला तर नोकरीवर गदा येणार होती. समितीने विज्ञान शिक्षकांच्या संघटनेलाही मत द्यायला बोलावलं. काका आणि चिटणीसबाई गेले.

बसमध्ये काका म्हणाले, "मी बोलेन. म्हणेन, नवखी आहे, दया दाखवा. ते ऐकतील."

समितीचे प्रमुख लाकडाच्या वखारीचे मालक होते. आग या शब्दानेच त्यांच्या कपाळावर आठी चढायची. कवितेच्या बाई टेबलाच्या टोकाला बसली होती, लांब बाह्यांचा कुर्ता घालून, उजवा हात मांडीवर. बोटं अजून पुरती वळत नव्हती.

काका बोलले, छान बोलले. अनुभव नाही, हेतू चांगला होता, मुलींना तिनेच वाचवलं. प्रमुखांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण पेटत्या वाटीत बाटलीतून ओतायचं नाही, एवढं तर विज्ञान शिकवणाऱ्याला ठाऊक असायला हवं ना? तुमच्या त्या मेळाव्यात हे सांगितलं होतं की नाही?"

काकांनी घसा साफ केला. "आमच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात सुरक्षिततेला..."

"नाही सांगितलं," चिटणीसबाई म्हणाल्या.

प्रमुख काकांकडून त्यांच्याकडे वळले.

"प्रयोग मी दाखवला. दरवर्षी सूचना सांगते, त्या दिवशी सांगायची वि..." त्या अडखळल्या. कवितेच्या बाईकडे पाहायचं त्यांनी टाळलं. "विसरले म्हणणार होते. विसरले नव्हते. वेळ नव्हता, पाहुणे उठत होते, म्हणून गाळली. ह्यांना ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. ह्या भाषा शिकलेल्या आहेत. आमच्यावर भरवसा ठेवून त्यांनी आम्ही दाखवलं तसंच केलं."

काका खुर्चीत मागे टेकले. ते एकदम म्हातारे दिसायला लागले. वखारीच्या मालकांनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, "मग ठपका यांच्यावर कसा ठेवायचा?" बाकीच्यांनी माना हलवल्या. काम इतक्या लवकर आटोपलं की बाईंना नवल वाटलं. एवढ्यासाठी आपण इतके दिवस कुढत बसलो होतो?

खरं काम बाहेर व्हरांड्यात होतं. कवितेच्या बाई खांबाशी उभी होती. चिटणीसबाई जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं."

"कुठलं?" ती म्हणाली.

बाईंना कळेना.

"मेळाव्यातलं म्हणत असाल तर ते होतं कधी कधी. घाईत मीसुद्धा एखादं कडवं गाळते. पण मी पलंगावरून तुम्हाला विचारलं होतं. मीच विसरले का, असं विचारलं होतं. तुम्ही माझी उशी नीट केलीत." तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी वर्गात बोलावं तसा स्वच्छ झाला. "रोज येत होतात. माझे केस विंचरत होतात. आणि मी रोज रात्री स्वतःला बोल लावत होते, की एवढं साधं वाक्य माझ्या डोक्यात कसं राहिलं नाही. जे वाक्य कोणी उच्चारलंच नव्हतं, ते मी आठवत बसले होते, बाई."

ती निघून गेली. चिटणीसबाई बराच वेळ त्या खांबाशी उभ्या राहिल्या. काका एकटेच बसने परतले.

पुढचं सगळं हळूहळू झालं. बाईंनी चिटणीसपद सोडलं. साहेबांची सही त्या वर्षी झाली नाही, काकांनी भाकीत केलं होतं तसंच. प्रशिक्षणाची रजा बंद झाली, सभेला येणारे निम्मे झाले. त्यांपैकी काहीजणांनी बाईंना स्पष्टच सुनावलं, "तुमचं मन हलकं झालं, भुर्दंड मात्र आम्हाला." बाईंचं मन हलकं झालं नव्हतं, भुर्दंड मात्र खराच होता. काका तर समोर आले तरी हवामानाबद्दल बोलत. घरी नवऱ्याने त्यांना 'माजी चिटणीसबाई' म्हणून पाहिलं, पण विनोद जमला नाही तसा त्याने तो सोडून दिला.

तरी त्या शनिवारी जात राहिल्या. शेवटच्या बाकावर बसत, परीक्षानळ्या धूत, विचारलं तर बोलत.

पावसाळा उलटून गेल्यावर एका शनिवारी दारात कवितेच्या बाई उभी होती. ती थेट पुढे गेली आणि काकांना म्हणाली, "माझ्याकडे पुन्हा विज्ञान दिलंय. दुसरं कोणी मिळालं नाही. कुलूपही काढायला लावलं मी. पण मला एक काम करायचंय. तुमच्या प्रयोगांच्या सूचना दाखवा."

काकांनी कपाटातून जुनी पुस्तिका काढून दिली. ती उभ्या उभ्या वाचत गेली, आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर चढत गेल्या.

"'ज्वलनशील द्रव्यांच्या सान्निध्यात यथायोग्य दक्षता बाळगावी.' हे कोणासाठी लिहिलंय काका? ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी! मला ठाऊक नव्हतं. दक्षता म्हणजे नक्की काय करायचं? बाटली उचलायची, बूच लावायचं आणि दाराबाहेर नेऊन ठेवायची. असं लिहा ना सरळ. आणि शेवटी नाही, सगळ्यात आधी. माणूस घाईत असला की शेवटचंच गाळतो."

कोणीही चिटणीसबाईंकडे पाहिलं नाही आणि म्हणूनच सगळे त्यांच्याकडे पाहत असल्यासारखं त्यांना वाटलं.

"मी लिहीन," कवितेच्या बाई म्हणाली. "पण काय कशाने पेटतं, कशाने फुटतं, हे मला सांगणारं कोणीतरी लागेल." मग ती मागे वळली. "तुम्ही सांगाल का? मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. मला हे काम नीट व्हायला हवंय, आणि कुठे काय बिघडतं ते तुम्हाला सगळ्यांत जास्त ठाऊक आहे."

"सांगेन," बाई म्हणाल्या.

त्या दोघींनी हिवाळाभर ते काम केलं. एक सांगायची, दुसरी चार चार वेळा उलटतपासणी घ्यायची. "'जपून' म्हणजे कसं? हाताने दाखवा." "'थोडं' म्हणजे किती? चमच्यात सांगा." चिटणीसबाईंच्या लक्षात आलं की आयुष्यभर आपण ज्या सूचना देत आलो, त्यातल्या निम्म्या फक्त आपल्यालाच कळत होत्या. कधी कामात रंगून दोघी हसत. मग कवितेच्या बाई बोटं ताणण्यासाठी उजवा हात उघडमीट करायला लागे, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणून, आणि बाईंचं हसू आपोआप ओसरे.

संघटनेने नवा नियम केला. नव्या किंवा दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला एक जुना सोबती द्यायचा. पहिल्यांदा आग पेटवायची असेल तेव्हा सोबत्याने त्या वर्गात जाऊन उभं राहायचं. फोनवर नाही, मेळाव्यात नाही, त्याच्याच वर्गात. पुढच्या वर्षी साहेबांनी सही केली, बहुधा त्या नियमामुळेच. काकांनी ती बातमी चिटणीसबाईंना स्वतः फोन करून दिली. हवामानाचा विषय निघाला नाही. फोन ठेवताना ते म्हणाले, "त्या दिवशी घड्याळ मी दाखवत होतो. ते तू समितीपुढे बोलली नाहीस."

"बोलायचं तोंड माझं होतं काका," बाई म्हणाल्या.

आता दर मेळाव्याची सुरुवात चिटणीसबाई करतात. रंगीत ज्योतींनी नाही. त्या उभ्या राहतात आणि काय घडलं ते नव्या शिक्षकांना सांगतात, मेळाव्यातलं आणि इस्पितळातलंही. ते सांगावं असा आग्रह कवितेच्या बाईचा. दरवर्षी बाईंना वाटतं, यंदा जीभ सरावली असेल. ती सरावत नाही. इस्पितळाच्या खोलीपाशी आवाज अडतोच. अशा वेळी पहिल्या रांगेतली कवितेच्या बाई मदत करत नाही आणि घाईही करत नाही. पुढचं वाक्य येईपर्यंत बसून राहते.

यंदा सगळं संपल्यावर एक तरुण मास्तर चाचरत चिटणीसबाईंपाशी आला. त्याचा विषय इतिहास होता, आणि शाळेने रसायनशास्त्र गळ्यात बांधलं होतं.

"बाई, तुमचं ऐकून मला प्रयोगांची भीतीच वाटायला लागली. करूच नयेत असं वाटतं."

बाईंचा चेहरा पडला. आपल्या चुकीने आता हाही वर्ग अंधारात राहणार की काय? त्यांनी विचारलं, "शाळा कुठे तुझी? सोमवारी पहिला तास कोणता?"

"विज्ञानाचाच."

"मी येते," त्या म्हणाल्या. "वर्ग भरायच्या आधी. दार कुठे आहे, पाण्याची बादली कुठे आहे, ते आधी बघू. मग पुढचं."